गेटवर जाहीर झालेला पाठिंबा
गरम खमणाचा वास आला की मला सिल्वासातली एक गेटसभा आठवते. मी घरातला पहिला पदवीधर, कारखान्यात नुकताच लागलेलो. दुसरी पाळी सुटली की नरोलीच्या खोल्यांवर चालत जावं लागे, म्हणून आम्हाला बस हवी होती. युनियनचे नेते बसऐवजी एका उमेदवारालाच गेटवर घेऊन आले. सगळ्यांना खमण वाटलं आणि कोणालाही न विचारता जाहीर केलं, “अख्खा कारखाना साहेबांच्या पाठीशी!” उमेदवार खूश झाले. “बस पक्की! इथले मतदार कोण कोण? हात वर करा.” एकही हात हलला नाही. शेवटी पॅकिंगमधले धुळ्याकडचे काका घास गिळून म्हणाले, “भाऊ, आमची मतं तर गावाले, तिकडे साक्रीले. पहिले इचारलं असतं तर सांगितलं नसतं का?” तेवढ्यात इथल्याच गलोंडा गावच्या वॉचमनने हात वर केला. उमेदवारांनी आपल्या गळ्यातला हार त्याला घातला, तसा तो घाबरून म्हणाला, “साहेब, पण मी युनियनमध्ये नाही.” बस अर्थातच आली नाही. आता माझं नाव इथल्याच सामरवरणीच्या मतदारयादीत आहे. निवडणूक लागली की तेच नेते आवर्जून माझी तब्येत विचारतात. पाठिंबा कोणाला द्यायचा, ते मात्र अजूनही परस्परच ठरतं.