सारजाआक्काचं गवत

रामहरी बारामतीच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वीस वर्षं परिचर होता. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, हे त्याचं काम. पण लावण्याआधी एखादं पान उघडून बघायची खोड काही सुटत नव्हती.

एके दिवशी इंदापूरच्या माळावरच्या गवतांचा एक प्रबंध त्याच्या हाती आला. कुसळी, मारवेल, पवन्या, सगळी नावं ओळखीची. एका फोटोखाली मात्र लिहिलं होतं: ‘स्थानिक नाव आढळले नाही.’

रामहरी थबकला. लहानपणी शेळ्यांमागं हिंडताना हे गवत त्यानं कितीदा तुडवलं होतं! नाव मात्र जिभेवर येऊन परत फिरत होतं.

त्यानं ग्रंथपाल सरोजिनी मॅडमना पान दाखवलं. “ह्याला नाव हाय, मॅडम. मला आठवंना, एवढंच.”

“मग आठवणाऱ्यांना विचारा,” मॅडम म्हणाल्या. “कोणी सांगितलं, कुठल्या गावचं, सगळं लिहून ठेवा. आणि एकावर भागवू नका.”

रविवारी तो कडबनवाडीला थोरल्या बहिणीकडं गेला. सारजाआक्काचा जन्म शेळ्या राखण्यात गेलेला. तिनं त्याच्या मोबाइलवरचा त्या पानाचा फोटो लांब धरला, जवळ धरला.

“ह्यात काय दिसतंय? पुस्तकच दाव.”

“ते बाहेर न्यायला देत न्हाईत, आक्का.”

“मग मीच येती की तितं.”

मंगळवारी ती एसटीनं आली खरीच. मॅडमनी तिच्या हाती भिंग दिलं. अक्षरओळख नसलेली आक्का फोटोवर वाकली.

“उंदरशेपू ह्ये! तुरा बघ, उंदराची शेपटीच. तुरा आला की शेळी तोंड लावत न्हाय.” मग ती पानं उलटत गेली, रामहरी फोटोखालची नावं वाचत गेला. एका फोटोशी थांबून ती म्हणाली, “आन् ह्ये पवन्या न्हवं. चुकलंय.”

छापलेल्या प्रबंधात चूक? रामहरी आक्काला थांबवू लागला. मॅडमनी मात्र सरळ प्रबंध लिहिणाऱ्या अबोलीला फोन लावला. ती आठ दिवसांत आलीच.

आक्का आणि रामहरीबरोबर ती दोन दिवस माळ हिंडली. उंदरशेपू हे नाव आणखी दोन म्हाताऱ्यांनीही सांगितलं, तशी तिनं आक्काच्या नावानिशी नोंद केली. पवन्याचं मात्र वेगळंच निघालं. शेजारच्या गावांत फोटोतल्या गवतालाच पवन्या म्हणत, आक्काच्या गावात दुसऱ्याला.

“एक नाव दोन गवतांला?” आक्का बांधावरच बसली. “आसं कसं झालं?”

अबोलीनं वहीत दोन्ही नोंदी लिहिल्या आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांचा ढीग तसाच ठेवून रामहरी मॅडमच्या टेबलाशी उभा राहिला. “मॅडम, पवन्यावर आपल्याकडं आणखी काय काय हाय?”