चाचांनी न घेतलेला फोन

"साळुंखे, पॅकिंगची लाइन उभी आहे. होटगीची बस कुठंय?"

सव्वाआठ वाजले होते. प्लँट मॅनेजर माझ्या टेबलाशी उभे होते. मी त्या बसचे ड्रायव्हर इस्माईलचाचांना तिसऱ्यांदा फोन लावला. तो नुसताच वाजला.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ट्रान्सपोर्ट सुपरवायझर आहे. म्हणजे कामगारांच्या बसेस वेळेवर येतात का ते पाहायचं, आणि नाही आल्या की बोलणी खायची. रोज सात वीसला सगळ्या ड्रायव्हरना "कुठं पोचलात?" विचारायचा माझा नेम. बाकीचे सांगायचे. चाचांचा फोन मात्र डब्याच्या पिशवीत आणि पिशवी सीटमागे. यापायी मी त्यांना दोन मेमो दिले होते. मेमो म्हणजे लेखी समज. तिसऱ्या मेमोला नोकरी जाते. तो मी टाइप करून ठेवला.

बस पाऊण तास उशिरा आली. पॅकिंगच्या कामगार बायका कार्ड पंच करायला पळाल्या. मी चाचांना गाठलं.

"फोन शोभेला ठेवलाय का?"

"आदी गाडी चालू हुती साहेब. मग उसाची ट्रॉली आडवी झाली. बायका लई घाबरल्या हुत्या. त्यांना बघू का फोन बघू?"

हंगामात उशीर झाला की प्रत्येक ड्रायव्हरला उसाचीच ट्रॉली भेटते. खोटं पकडायचंच, म्हणून मी बसच्या काचेवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं.

चढाचा रस्ता. पुढे ट्रॅक्टर, त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या. पिशवीतून दबकी रिंग ऐकू येते. तेवढ्यात मागची ट्रॉली सुटते आणि उलटी बसकडेच यायला लागते. चाचा ब्रेक दाबून बस डावीकडे मुरमात उतरवतात. ट्रॉली आरसा घासते आणि बसच्या तोंडाशीच रस्त्यात आडवी होते. बायका किंचाळतात. रिंग अजून वाजतेच आहे.

कोपऱ्यात वेळ होती सात वीस. तो फोन माझा होता.

मी प्लँट मॅनेजरना बोलावून आणलं. बसमध्ये बत्तीस जणी होत्या. मॅनेजरसाहेबांनी रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. म्हणाले, "तिसरा मेमो फाडा. आणि आधीचे दोन पण."

मी खाली जाऊन चाचांचे हात धरले. "चाचा, माझा फोन घेतला नाहीत, लई उपकार झाले."

"तुमचाच न्हाय साहेब, चालवताना मी घरचाबी घेत न्हाय."

सात वीसचा नेम त्याच दिवशी मोडला. आता बस गेटवर उभी राहिली की चाचाच पिशवीतून फोन काढून मला लावतात. "पोचलो की साहेब." रोज हे ऐकलं की मला बरं वाटतं.

गाडी चालवताना फोन हातात घेणाऱ्याला कायद्यानं दंड आहे. पलीकडून लावणाऱ्याला नाही. म्हणून मी सुटलो.