अर्ध्या सुताचा आहेर

आमच्या चंपाच्या लग्नात मंडपात आधी चाक आलं, मग नवरदेव आला.

यात माझा हात होता. हातात कानस होती.

आम्ही मूळचे खानदेशचेच, पण वडील रेल्वेत, त्यामुळे माझं सगळं बालपण दौंडला गेलं. सहावीनं मला पुढे जाऊ दिलं नाही आणि मागे जायची मला लाज वाटली, म्हणून मी शाळा सोडली. आईनं मला नशिराबादला तिच्या भावाकडे धाडलं. हे माझे मामा, पण बठ्ठं (म्हणजे सगळं) गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायचो. दुसऱ्याच्या घरी दोन वेळची भाकरी मिळत होती. मी इतका उपकाराखाली होतो, की नानांच्या बैलालासुद्धा 'अहो' म्हणायचो! पुढे जळगावच्या एका सायकलच्या दुकानात कामाला लागलो, तेही धुळ्याच्या आबांच्या शब्दावर. आबा म्हणजे मामीचे भाऊ. थोडक्यात, भाकरी नानांची, नोकरी आबांची, आणि दोघांपैकी एक जरी रुसला तरी माझं दौंडचं तिकीट नक्की.

(दुकानात मला पंक्चरच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं. घरात मात्र मी सायकलचा इंजिनेर होतो. खुलासा करायचं मला कधी सुचलं नाही.)

चंपा ही नानांची मुलगी. तिला भडगावचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, नव्या विचारांचा. म्हणाला, "हुंडा नको, मिरवायला घोडा नको. सायकल द्या. तिच्यावरूनच मंडपात येईन."

नाना म्हणाले, "सायकल मी देईन. बाप आहे मी!"

आबा म्हणाले, "सायकल मी दिसू. मामा शे मी!"

मेव्हण्या-मेव्हण्यांचं भांडण मिटावं म्हणून भावकी बसली आणि तिनं शहाणपणाचा निवाडा दिला, की सायकल दोघांनी मिळून द्यावी. सांगाडा नानांचा, चाकं आबांची! ज्यानं त्यानं आपला हिस्सा आपल्या पसंतीनं घ्यावा. झालं. नानांनी जळगावात एका मायदेशी परत जाणाऱ्या साहेबाची विलायती सायकल धरली आणि चाकं सोडून बाकी सगळी घेतली. आबांनी धुळ्याहून नवी कोरी स्वदेशी चाकं आणली, तीही दूधवाल्यांच्या जड सायकलीची! "दोन मण केळी लादा, वाकाव नही," म्हणाले.

हळदीच्या दिवशी मी गोठ्यात जोडणीला बसलो. मागचं चाक बसलं. पुढचं बसेना. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या टोकाला जी खाच असते, तीत चाकाचा एक्सल शिरतो. खाच होती अडीच सुताची, एक्सल तीन सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा). अर्ध्या सुताचा सवाल!

नानांनी वाकून पाहिलं. "एक्सल जाड आहे."

आबांनी वाकून पाहिलं. "खाच अरुंद शे."

"विलायती माल आहे आबा, साहेब दहा गावं फिरला त्याच्यावर!"

"इंग्रज गया, पण जाता जाता खाच अरुंद करी गया!"

"मग स्वराज्यात एक्सल इतका जाड कायले केला?"

मी भीत भीत म्हणालो, "दुकानात अडीच सुताचा एक्सल मिळतो. उद्या सकाळीच आणून बदलतो."

दोघेही माझ्याकडे असे वळले, जसं काही मी नवरदेवच बदला म्हणालो होतो. आबा म्हणाले, "मन्हा आहेरमा परका एक्सल? मग लोके काय म्हनतीन?" नाना म्हणाले, "आन् चाक बसलं नाही हे भडगाववाल्यांले कळलं म्हंजे?" एकमत झालं ते एवढ्यावरच, की बदलायचं काही नाही. मग दोघं दोन दारांनी निघून गेले.

थोड्या वेळानं नाना एकटेच आले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "भरीत-भाकरी कोनाची खातो रे?"

"तुमची, नाना."

"मग एक्सल घास. मह्या चिमट्याले हात लावू नको. आन् कोनाले सांगू नको."

मी घासला. दोन्ही बाजूंनी चपटा केला, आटे गेले, पण एक्सल खाचेत अलगद बसला. तोच बैलाच्या आडून आबा प्रकटले.

"तुले नोकरी कोनी लाई दिनी रे पोऱ्या?"

"तुम्ही, आबा."

"मग खाच घस. मन्हा एक्सलले हात लावू नको. कोनले सांगू नको."

आता 'आबा, बसलंय ते' असं म्हणावं, तर 'कसं बसलं?' हे सांगावं लागणार. नाही म्हणावं, तर नोकरी जाणार. शहाण्या माणसानं काय केलं असतं मला माहीत नाही. मी खाच घासली.

आता खाच झाली तीन सुताची आणि एक्सल अडीच सुताचा. भांडण तेवढंच, फक्त बाजू बदलल्या! आधी शिरत नव्हता, आता नाचत होता. मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये सारला, नट आवळले (आटेच नव्हते, पण आवळल्याचं समाधान मिळालं), वरून झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि मारुतीला नारळ बोललो.

दुसऱ्या दिवशी त्याच मारुतीच्या पारावरून नवरदेव निघाला. डोक्याला बाशिंग, डोळ्यावर काळा चष्मा. पुढे उतार होता. वाजंत्री मागे पडली, मी सायकलमागे धावतोय, तोंडानं एकसारखं "हळू, दाजी, हळू!" वऱ्हाडी म्हणाले, "काय प्रेमाचा पोरगा आहे!"

मंडपाजवळ वाटेत पाण्याची अरुंद चारी आडवी होती. नवरदेवानं ऐटीत हँडल वर उचललं आणि सायकलचं पुढचं टोक उडवलं. चिमटा वर आला. चाक आलं नाही!

ते माळांसकट सरळ पुढे गेलं. मंडपाच्या तोंडाशी मामी आरतीचं ताट घेऊन उभी होती, पदर डोळ्यांपर्यंत. समोर झेंडू दिसला, तिनं ओवाळलं. चाक तसंच आत गेलं आणि बोहल्यावर जाऊन पाटावर आडवं झालं. नवरदेव मागे, पंगतीसाठी रचलेल्या केळीच्या पानांच्या ढिगात डोकं खाली, पाय वर!

"परत चला!" नवरदेवाचे वडील गरजले. "बैल जुंपा! आमच्या पोराले मारायले बसले हे!" घरातून चंपाचा हुंदका मला बाहेर ऐकू आला. मला दौंडची गाडी दिसू लागली.

"चाक आबांचं," नाना लगेच म्हणाले.

"चिमटा नानाना," आबा म्हणाले.

आणि पुरावा म्हणून नानांनी चिमटा उचलला, आबांनी चाक. दोघांनी आपापली वस्तू पाहिली. दोन्हीवर कानशीचे लखलखीत चट्टे! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पण मला विचारणार कोण? मी तोंड उघडलं असतं तर दोघांचंही बंद झालं असतं!

शेवटी नाना खाकरले. "भाचा दौंडचा आहे."

"हां," आबांनी तत्काळ दुजोरा दिला. "तिकडे असंच जोडतस."

मेव्हण्या-मेव्हण्यांची एकी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

नवरदेव पानांतून उठला. बाशिंग कानावर, धोतर हिरवं. त्यानं घराच्या खिडकीकडे पाहिलं, तर चंपा रडता रडता पदरात हसत होती. मग तोही हसला. "चाक बसलंय पाटावर, आता मी एकटा परत कुठे जाऊ?" म्हणाला आणि लंगडत बोहल्यावर चढला. अक्षता पडल्या. मी दोन मुठी जास्तच टाकल्या.

मला दौंडला कोणी धाडलं नाही. मी परत गेलो तर तिकडे काय काय सांगेन, या भीतीनं नाना मला भाकरीवर तूप वाढू लागले आणि आबा दर खेपेला मालकाजवळ माझी तारीफ करू लागले.

पुढे माझं लग्न ठरलं, तेव्हा सासरे हौसेनं म्हणाले, "जावईबापू, सायकलचं काम करता, तर मिरवायला सायकलच देतो."

मी हात जोडले. म्हटलं, "नको, घोडाच बरा. त्याचे चारही पाय एकाच घरून आलेले असतात. आणि मुख्य म्हणजे, ते मी बसवलेले नसतात."