मागच्या दारचा कॅमेरा

रिसोडला एका कापड दुकानात मी शिडीवर उभा होतो आणि खिशातला फोन सारखा वाजत होता. शिडीवर असताना मी फोन घेत नाही. माझ्या धंद्यात मी पाळतो असा तेवढा एकच नियम आहे. त्या दिवशी तो मोडला, कारण नंबर आयर्लंडचा होता आणि तिथे त्या वेळी माणसं अजून अंथरुणातच असतात.

"दादा, तुमी आताच्या आता केनवडले जा," प्रज्ञा म्हणाली. "माह्या हातून लय वंगाळ झालं."

मी घरांना, दुकानांना कॅमेरे बसवतो. प्रज्ञा माझं गिऱ्हाईक. शिकलेली नर्स, तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, ते वारले. केनवडच्या घरात आई, सुमनबाई, एकट्या. नोकरीची ऑर्डर हातात पडल्याचा आनंद पोरीला फार दिवस पुरला नाही. मग तिची काळजी सुरू झाली. कुठे एकट्या म्हातारीच्या गळ्यातलं ओढलं, कुठे भरदुपारी कुलूप तोडलं, असे व्हिडिओ ती मलाच पाठवायची. मी तिला म्हटलं, अगं, केनवडात परकी मोटारसायकल वळली तरी दोन माणसं विचारतात, कोणाकडे जायचं म्हणून. पण दूर जाणाऱ्या माणसाला असं बोलून धीर येत नाही. शिवाय कॅमेरे विकणारा मीच. मी किती वाद घालणार?

पुढे दोन कॅमेरे लावले, मागे एक. मागे परसबाग, माणूस जाईल एवढी फट असलेली बुटकी भिंत आणि पडवी. पडवी उत्तरेकडची, त्यामुळे उन्हाळ्यातही थंड राहते. कॅमेरा लावताना सुमनबाई खाली उभ्या राहून पाहत होत्या. "मांगून तं आपलेच लोकं येतात," एवढं त्या म्हणाल्या. प्रज्ञा म्हणाली, "म्हणूनच लावून राह्यली. आपल्याच लोकाइच्या मांगून दुसरे येतात." दोघींचंही चूक नव्हतं.

आता थोडं धंद्यातलं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. कॅमेरा उंच लावतात, चोराचा हात पोचू नये म्हणून. त्यामुळे माणूस वरून दिसतो. डोक्यावर पदर असला की चेहरा नाही, नुसता पदरच दिसतो. अंधारात नाईट व्हिजन चालू होतं. त्यात रंग येत नाहीत. हिरवं लुगडं काय आणि लाल काय, सगळं राखाडी. आणि कोणी हललं की मालकाच्या फोनवर मोशन अलर्ट जातो, सोबत छोटीशी क्लिप. छोटीशीच. आधी काय झालं, नंतर काय झालं, ते त्यात नसतं.

एरवी पहाटेचे अलर्ट प्रज्ञा झोपेत असताना येऊन जायचे, पण त्या पहाटे ती जागी होती आणि आलेली क्लिप तिने उघडली. पडवीतून एक बाई मोठं गाठोडं डोक्यावर घेऊन निघते आणि भिंतीच्या फटीतून बाहेर जाते. तिकडे मध्यरात्र. पोरगी ड्युटीवरून दमून आलेली. तिने आईला फोन लावला, आईने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला होता आणि सुमनबाई न्हाणीत होत्या. पण आयर्लंडात बसलेल्या लेकीला न्हाणी दिसत नाही. तिला आई पडलेली दिसली, गळा दिसला, काय काय दिसलं. तिने ती क्लिप गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, आमच्या घरात चोर घुसली आहे, सामान नेत आहे, आई फोन उचलत नाही, कोणीतरी धावा.

लोक धावले. सुमनबाईंनी ओल्या केसांनी दार उघडलं तेव्हा अंगणात ही गर्दी. क्लिप पाहिली आणि त्या म्हणाल्या, "ही तं गोदा होय."

गोदाबाई म्हणजे मागच्या घरची. माळ्याची. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावते आणि रिसोडच्या बाजारात नेऊन विकते. घर टिनाचं, रात्रीतही तापलेलं राहतं, भाजी सकाळपर्यंत सुकते. म्हणून संध्याकाळी ती ओल्या पोत्यात बांधून सुमनबाईंच्या पडवीत ठेवायची आणि पहाटे उचलून जीप गाठायची. जाताना हाक मारायची, "मास्तरीण, उठली का वं?" आतून हूं आलं की पुढे. हे किती वर्षांचं, दोघींनाही सांगता येत नव्हतं. प्रज्ञा नर्सिंगला बाहेरगावी होती तेव्हा कधीतरी सुरू झालेलं. लेकीला सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं आईला वाटलं. भाजी ठेवते, घेऊन जाते. हे कोणी फोनवर सांगतं?

प्रज्ञाने मेसेज पुसला. पण तोवर क्लिप रिसोडला पोचली होती. बाजारात एका पोराने गोदाबाईलाच फोन दाखवला आणि हसला. तिने भाजी तशीच शेजारच्या भाजीवालीच्या हवाली केली, घरी आली, पडवीतली आपली पोती उचलली आणि गेली. सुमनबाई मागून हाका मारत होत्या, तिने वळून पाहिलं नाही.

मी दुपारी पोचलो. काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. वायर जोडण्याचं माझं काम, माणसं जोडण्याचं नव्हे. सुमनबाई पडवीत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "काढून टाक बापू ते. आजच काढ." मी प्रज्ञाला फोनवर विचारलं. ती लगेच हो म्हणाली. कॅमेरा उतरवला आणि मगच गोदाबाईच्या घरी गेलो.

तिने पाणी दिलं. चहा मांडला. मी समजावू लागलो, अंधारात चेहरा येत नाही, वरून पदरच दिसतो, त्या पोरीची चूक नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, वळखलं नाही याचं मले काई नाही. अंधार होता," ती म्हणाली. "पण पोरगी लहान होती तवा त्याच पडवीत माह्या मांडीवर झोपे. आता तिले पडवीत बाई दिसली, अन् चोर आठवली. गोदा नाही आठवली."

मी चहा प्यायलो. मग व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या हातात दिला. प्रज्ञा रडायला लागली. "मावशी, चुकलं माहं," एवढं कसंबसं निघालं.

गोदाबाई म्हणाली, "रडू नको बाई. जा, ड्युटीले उशीर होईन." आणि फोन मला परत दिला. रागावली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. भांडण मिटवता येतं. हे इतकं शांतपणे संपलं की धरायला काही उरलंच नाही.

ती पुन्हा त्या पडवीत गेली नाही. रस्त्यात भेटल्या तर दोघी बोलतात. सुमनबाईंनी किती वेळा सांगितलं, कॅमेरा काढला, आता ठेव भाजी. ती म्हणते, "कॅमेरा काढला, पण गावानं पाह्यलं ना." भाजी आता तिच्याच टिनाखाली असते. दुपारपर्यंत माना टाकते, पडेल त्या भावात जाते.

काही आठवड्यांनी प्रज्ञाचा पुन्हा फोन आला. पहाटे आईला हाक मारणारं आता कोणी नाही, ती उठली की नाही ते कळायला मार्ग नाही, तिला झोप लागत नाही. मागचा कॅमेरा परत लावा. मी गेलो. सुमनबाई शिडी धरून उभ्या राहिल्या. भिंतीत जुनं भोक होतंच, फार वेळ लागला नाही.

आता परदेशी निघालेलं कोणी आलं, की मी आधी त्याला आईवडिलांजवळ बसवतो आणि विचारतो, घरी मागच्या दाराने कोण कोण येतं, कशाला येतं, नावानिशी सांगा. गिऱ्हाईक वैतागतं. म्हणतं, तुम्ही कॅमेऱ्याचा रेट सांगा. मी सांगत नाही.

परवा प्रज्ञाला विचारलं, सिस्टीम बरोबर चालते ना? म्हणाली, "चालते दादा. पहाटे अलर्ट येते. आई दार उघडते, पडवीत उभी राह्यते, भिंतीकडे पाह्यते अन् अंदर जाते. दुसरं कोणीच येत नाही."