दहाव्याला दिलेलं वचन

ती घटना आठवली की आजही मला नदीच्या घाटावर फार वेळ उभं राहवत नाही.

कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या एका गावात दोन वस्त्यांत दंगल झाली होती. दगडफेक थांबली, जाळपोळ थांबली, तरी गाव उघडेना. भरदिवसा दारं बंद, गल्लीत फक्त आम्हा पोलिसांच्या बुटांचा आवाज. एका वस्तीचे पुढारी समेटाला तयार झाले. त्यांना सगळे दादा म्हणत. शांतता समितीच्या बैठकीआधीच ते नदीकाठच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ मरून पडलेले सापडले. एकच वार, तोही समोरून.

लोकांनी दुसऱ्या वस्तीतला एक तरुण धरून आणला. दंगलीत त्याची दादांशी झोंबाझोंबी झाली होती, एवढाच काय तो पुरावा. मी त्याला संशयित म्हणून कोठडीत घेतलं. बाहेर तो जगला नसता.

दादांचा उजवा हात समजला जाणारा कार्यकर्ता रोज ठाण्यात येऊन टेबलावर मूठ आपटायचा. येत्या निवडणुकीत दादांच्या जागी उमेदवारीसाठी त्याचंच नाव चाललं होतं.

"सायेब, त्या पोराचं काय ते लवकर करा. न्हाईतर दहाव्याला आमी आमचं बघू."

म्हणजे दहावा झाला की मोर्चा थेट त्या पोराच्या वस्तीवर. पुढाऱ्यांच्या भाषेचं भाषांतर करण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

अशात खबर आली. फोन गावातल्या टपरीवाल्याचा, आवाज मी ओळखला. "दादा नदीकडं एकलं न्हवतं गेलं. संगं घरोब्यातलंच माणूस हुतं. जबाबाला मला बोलवू नगा सायेब, लय भ्या वाटतंय." पुढे त्याचा फोनच लागेना.

दहाव्याला मी घाटावर बंदोबस्त लावला आणि स्वतः साध्या वेशात गर्दीत उभा राहिलो. पिंड ठेवले. समोरच्या झाडावर कावळेच कावळे, पण एकही खाली उतरेना. मुलगा म्हणाला, घर सांभाळीन. भाऊ म्हणाला, शेत विकणार नाही. कार्यकर्ता मोठ्यांदा म्हणाला, "दादा, तुमच्या खुन्याला सोडणार न्हाई!" कावळे जागचे हलले नाहीत. इतकी माणसं, पण खोकल्याचाही आवाज नाही. माझ्यासारख्या देव न मानणाऱ्याच्याही अंगावर काटा आला.

कार्यकर्त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. तो हात जोडून पिंडाकडे वाकला आणि पुटपुटला, "दादा, शेवटी तुमी म्हणालासा तसं तुमच्या धाकट्या लेकीला मी संबाळतो. शपत घेतो. आता शिवू द्या."

फडफड झाली. कावळा पिंडाला शिवला आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र ते पुटपुटणं ऐकलं होतं. मी त्याच्या पाठीमागेच होतो. दादा शेवटी काय म्हणाले, हे याला कसं ठाऊक? जबाबात तर त्याने त्या दिवशी तासगावला बेदाण्याच्या सौद्याला गेल्याचं सांगितलं होतं. त्याच्या मोबाईलचं लोकेशनही तासगावचंच दाखवत होतं.

मोर्चा निघायच्या आत त्याला जीपमध्ये घातलं. ठाण्यात मी आवाज चढवला नाही.

"धाकटीला सांभाळ, असं दादा कधी म्हणाले?"

"तसं लोक बोलत हुती."

"कोण लोक? मरताना त्यांच्याजवळ कोण होतं?"

मग त्यानेच मला विचारलं, "सायेब, कावळा शिवला न्हवं?"

"शिवला."

"मग दादांनी माफ केलं मला." एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

कावळ्याच्या साक्षीवर कोर्टात खटला उभा राहत नाही. मोटारीच्या खोलीमागच्या डबक्यातून त्याने पंचांसमक्ष सुरा काढून दिला. त्याचा मोबाईल घेऊन तासगावला आपणच गेलो होतो, हे त्याच्या ड्रायव्हरने कबूल केलं. समेट झाला असता तर दंगलीच्या जोरावर लढवायची निवडणूक हातची गेली असती, म्हणून त्याने दादांना संपवलं होतं.

तरुणाला कोर्टाने सोडलं, पण त्याचा बाप ठाण्याच्या पायरीवरून उठेना. गावात न्यायचं कसं? तेवढ्यात दादांची पत्नी आली आणि त्या पोराशेजारी जीपमध्ये जाऊन बसली. "चला. माझ्यासमोर कोण हात लावतंय ते बगू." त्या बाईपुढे माझा सगळा बंदोबस्त फिका होता. गावात दारं किलकिली झाली, पण दगड एकही आला नाही. पोरगा स्वतःच्या उंबऱ्याच्या आत गेला.

परत फिरताना तिने मला विचारलं, "सायेब, शेवटी त्यांनी खरंच धाकटीचं नाव घेतलं व्हय?"

पोलिसाला समोरच्याचं खोटं शोधायची सवय जडते. हा गुन्हा उघडकीला आला तो एका खोटारड्याच्या तोंडून निसटलेल्या खऱ्या वाक्याने. तेव्हापासून माणूस खरं कधी बोलतो, तेही मी ऐकायला लागलो. पण ते वाक्य खरंच होतं, याला त्या खुन्याशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता.

"व्हय ताई," मी म्हणालो, "घेतलं."