शाडूचं ठरवलेलं पाणमांजर

वरसे गावच्या मास्तरांनी मला फसवलं. खोटं बोलून फसवलं असतं तर मी सोसलं असतं, धंद्यात ते चालतंच. या माणसाने खरं बोलून फसवलं.

पेणला माझा गणपतीचा कारखाना आहे. दुसऱ्याकडे शाडू मळता मळता तो मी उभा केला. सकाळी खाडीच्या बांधावर फिरतो आणि दिसलेल्या प्राण्यापाखरांचे फोटो एका संकेतस्थळावर टाकतो. पेण-रोह्यात असे हौशी बरेच आहेत; पगार कुणालाच नाही, रुबाब सगळ्यांना. एकाची नोंद इतरांनी मान्य केली की ती शास्त्रज्ञांच्या कामी येते. मास्तर आमच्यात सर्वांत जुने. निवृत्तीनंतर पोरांऐवजी पाखरांचे पेपर तपासतात.

पाऊस सरल्यावर मला उघाडीवर, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दारावर, पाणमांजर दिसलं. अंगभर ओला चिखल, आणि फोटो निघेपर्यंत जागचं हललं नाही. आमच्या खाडीत त्याची एकही नोंद नव्हती. उघाडीशेजारी भराव टाकायला डंपर यायला लागले होते. नोंद पक्की झाली तर त्यांना कुणीतरी निदान विचारेल तरी, असा माझा हिशेब.

मास्तरांनी माझ्या नोंदीखाली लिहिलं, ‘नोंद करणारे मूर्तिकार आहेत. चकाकी ओल्या शाडूची वाटते. डोळे आखलेले असावेत.’ आणि ‘जंगली नाही’ अशी खूण केली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझं डोकं फिरलं. मास्तरांच्या जुन्या नोंदी उकरायला बसलो आणि सापडलं घबाड. ‘मोर, नर, पेण.’ तो माझाच मोर! एका मंडळाला मोरावर बसलेला गणपती हवा होता, त्यातला मोर मी रंगवून पत्र्यावर वाळत ठेवला होता. मास्तर त्याच दिवसांत घरचा गणपती ठरवायला आले होते. फोटोखाली कुणीतरी लिहिलेलं, ‘मानेची ऐट काय अस्सल!’

दुपारच्या गाडीने रोहा गाठलं, तिथून रिक्षाने वरसे. मास्तरांसमोर मोबाईल धरला.

त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा केला. “उडत का नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं.”

“पायात सळी हाय त्याच्या. उडेल कसा?”

“हळू बोला, शेठ. शेजारी विद्यार्थी राहतो माझा.”

“तुमचा मोर जिवंत राहू दे, माझं पाणमांजर जिवंत करा. मी तोंड उघडत नाय.”

“पाणमांजर शंकास्पद करतो. त्याहून वर नाही.”

“गणपती घेतानाही असंच घासता! शंकास्पद नको. जिवंत.”

आतून मास्तरीणबाई ओरडल्या, “अहो, देऊन टाका त्यांचं मांजर! चहा निवतोय.”

मास्तरांनी मान डोलावली. मी चहा पिऊन जिंकल्यासारखा परतलो.

सकाळी उठून बघतो तर मास्तरांचा जाहीर कबुलीजबाब! ‘हा मोर मूर्ती आहे. चूक माझी.’ खाली कौतुकाचा पाऊस, असा प्रामाणिक माणूस विरळा वगैरे. शेवटी मास्तरांची ओळ: ‘या कलाकाराच्या हातात कशालाही जिवंत करण्याची ताकद आहे, हे आता मला पटलं. पाणमांजराबद्दलचं मत कायम.’

माझ्याकडे मोर होता तोवर मास्तर माझ्या मुठीत होते. त्यांनी मोर स्वतःच सोडून दिला.

बायकोने वाचलं. “कौतुकच केलंय की तुमचं!”

“फ्रेम करून माहेरी लाव गो,” मी म्हणालो. त्या दिवशी जेवण मीच वाढून घेतलं.

काल पुन्हा बांधावर गेलो. डंपर उघाडीच्या अगदी जवळ आलेत. पाणमांजर दारावर बसून बोईट मासा खात होतं, काट्यासकट, कुरुमकुरुम. मास्तर, शाडूचं जनावर मासे खातं का? ओहोटीला पेणच्या उघाडीवर या, त्याच्यासमोर उभे राहा आणि काय ते उत्तर द्या.