जिला 'नाही' म्हणता येत नाही अशी खुर्ची

पुण्याला परत जायचं, हे नवऱ्याने आणि मी ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी त्याच्या ऑफिसात तसं कळवायचं होतं. इराला, आमच्या दहा वर्षांच्या लेकीला, फक्त सांगितलं. ती मान हलवून खोलीत गेली. जायच्या आधी तोक्यो तरी डोळे भरून पाहू, म्हणून उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघी इथली संसद बघायला निघालो.

आमच्या ओजिमाहून मेट्रो, कुदानशिताला गाडी बदलायची, नागाताचोला उतरायचं. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची सहल फुकट, तासाभराची. बॅगा तपासतात, आत खायचं नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून घेतलेले ओनिगिरीचे भातगोळे बाहेरच संपवा. माहिती सगळी जपानीत. माझं जपानी भाजी घेण्यापुरतं. दवाखान्यात, वॉर्ड ऑफिसात इराच माझी दुभाषी, तशी इथेही.

आत पाऊल टाकलं आणि काय सांगू! लाल गालिचा इतका जाड की आपलीच पावलं ऐकू येईनात. वरच्या रंगीत काचांतून उजेड हळूहळू झिरपत होता. मी आपली झोपेत चालल्यासारखी चालत होते. गॅलरीतून सभागृह दिसलं: अर्धगोलात बाकं, आणि अध्यक्षांच्या मागे, उंचावर, सम्राटांची खुर्ची. रिकामी. मी बघतच राहिले.

"अधिवेशन सम्राट बोलावतात," गाईडबाईंचं बोलणं इरा मराठीत सांगत होती, "खालचं सभागृह विसर्जित पण तेच करतात. पण ठरवतं मंत्रिमंडळ."

मग तिने स्वतःच काहीतरी विचारलं. गाईडबाई हसल्या.

"काय गं विचारलंस?"

"त्यांना नको असेल तर? त्या म्हणाल्या, नको म्हणायची सोयच नाही." ती खुर्चीकडे बघत होती. "माझ्यासारखंच."

लोकांनी निवडून दिलेल्यांचं चालावं म्हणून राजाचे हात बांधले, हे मला पटतं. पण आम्हाला इराने कुठे निवडून दिलं होतं?

बाहेर बागेत प्रत्येक प्रांतातून आणलेलं एकेक झाड आहे. त्या सावलीतून आम्ही मेट्रोकडे निघालो.

घरी जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "शुक्रवारचं थांबव. आधी हिला विचारू."

"अगं, ठरलंय ना?"

"आपलं ठरलंय."

तो इराकडे वळला. "इरा, जायचं का पुण्याला?"

"नाही," ती म्हणाली. इतक्या पटकन, की हे उत्तर किती दिवस तयार होतं ते आम्हाला कळलं. मला रडूच आलं.

शुक्रवारी त्याने ऑफिसात महिनाभराची मुदत मागितली. कारण विचारल्यावर म्हणाला, "घरात एक मत विरोधात आहे."